सवयीने उभा असलेला पाईप

किस्से आणि गटार, दोन्हींत मुद्दाम कोणी काही साठवत नाही. साचत जातं आपोआप. आणि एकदा तुंबलं की मग घरभर!

मी सीवरमध्ये आहे. म्हणजे नोकरीला! ओटावापासून तासाभरावर, नदीकाठी एक जुनं, छोटं शहर आहे, त्याच्या इंजिनिअरिंग डिपार्टमेंटमध्ये. शहराचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून नोकरी करायचीय. नागपूरला आमचे बाबा शेजाऱ्यांना सांगतात, ‘‘आमची वृंदा कॅनडात वॉटर मॅनेजमेंटमध्ये आहे.’’ खोटं नाही. फक्त कुठलं वॉटर, ते सांगत नाहीत.

आम्ही राहतो ओटावाच्या कडेला, कनाटाला, कारण नवऱ्याचं, सुहासचं, ऑफिस तिथे. तिथल्या मराठी पॉटलकला सुहासने ‘सॉफ्टवेअर’ म्हटलं की समोरचा नुसता मान हलवतो. मी ‘सीवर’ म्हटलं की बासुंदीचा चमचा वाटीतच थांबतो! आणि तोच माणूस निघताना, बूट घालता घालता, मला बाजूला घेतो. ‘‘वृंदा, आमच्या बेसमेंटच्या वॉशरूमला जरा वास येतो गं. सहज विचारतोय.’’

ऑफिसात आमचा चौघांचा ग्रुप. ग्लेन आमचा सुपरवायझर, दरवर्षी रिटायर होणार असतो आणि होत नाही. फ्रान्सीन कॅमेऱ्याचा ट्रक चालवते. ती नदीपलीकडची, क्यूबेकची, त्यामुळे चिडली की फ्रेंचमध्ये. परमिंदर लुधियान्याचा, इंजिनिअर, माझ्याशी हिंदीत बोलतो. आणि चौथी मी. गेल्या चार-पाच वर्षांत आम्ही जे पाहिलंय, त्यातलं थोडंसं सांगते. जेवण झालंय ना तुमचं?

*

पहिला किस्सा मी नवीन होते तेव्हाचा, दोन हजार पंधराच्या फॉलमधला.

आमच्याकडे चाकांवर चालणारा एक कॅमेरा आहे. तो मॅनहोलमधून पाईपमध्ये सोडायचा आणि वर ट्रकमध्ये बसून स्क्रीनवर बघायचं. त्या दिवशी मिल स्ट्रीटचा पाईप होता. विटांचा, अंड्याच्या आकाराचा, शंभरी केव्हाच ओलांडलेला. वर रस्ता, रस्त्यावर बेकरी, बँक, बसस्टॉप. आणि खाली हा.

फ्रान्सीन कॅमेरा पुढे नेत होती. विटा, विटा, मध्येच झाडाच्या मुळांची जटा, परत विटा. आणि एकदम ती थांबली. ‘‘मों दिय!’’ म्हणजे अरे देवा.

मला काही कळेना. पाईपचं छत दिसत होतं, बाजूच्या भिंती दिसत होत्या. पण तळ नव्हता! तळाच्या विटा कधीच वाहून गेल्या होत्या आणि पाणी सरळ मातीवरून चाललं होतं. बाजूची माती खाऊन खाऊन तिथे एक काळी पोकळी झाली होती.

मी ग्लेनला विचारलं, ‘‘मग हा पाईप उभा कशावर आहे?’’

ग्लेनने कॉफीचा घोट घेतला. ‘‘कशावरच नाही,’’ तो म्हणाला. ‘‘त्याला उभं राहायची सवय झालीय.’’

त्या दिवसापासून मी मिल स्ट्रीटवरून गाडी नेणं बंद केलं. सुहास शेजारी बसलेला असला की म्हणायचा, ‘‘अगं, जीपीएस सरळ जायला सांगतोय.’’ मी म्हणायची, ‘‘जीपीएसने खालून बघितलेलं नाही!’’

*

गटारात पावसाचं पाणी कुठून शिरतं ते शोधायला आम्ही स्मोक टेस्ट करतो. मॅनहोलमधून पंख्याने धूर सोडायचा. निरुपद्रवी असतो, पांढराशुभ्र. मग तो धूर जिथून वर येईल, तिथे गळती. कोणाच्या लॉनमधून येतो, कोणाच्या छताच्या पन्हळीतून येतो. आधी घरोघरी नोटिसा देतो, तरी लोक फायर ब्रिगेडला फोन करतातच.

एकदा मिल स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत टेस्ट चालू होती. तिथल्या चर्चच्या बेसमेंटच्या खिडकीतून धूर बाहेर यायला लागला. परमिंदर धावत आत गेला. बघतो तर आत योगाचा क्लास! पंधरा-वीस बायका डोळे मिटून शवासनात पडलेल्या, आणि जमिनीतल्या ड्रेनमधून धूर त्यांच्यामध्ये हळूहळू पसरतोय. शिकवणारी बाई शांत आवाजात म्हणतेय, ‘‘आतला सगळा मळ बाहेर जाऊ दे... जाऊ दे...’’

 परमिंदर दारातून पुटपुटला, ‘‘मॅम, सॉरी, हा धूर आमचा आहे.’’

बाईंनी डोळे उघडले, धुराकडे पाहिलं, परमिंदरकडे पाहिलं. चेहरा पडला बिचारीचा.

‘‘मला वाटलं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आज पहिल्यांदाच काहीतरी होतंय!’’

*

या नोकरीने माणूस घरात नकोसा होतो, हे मात्र खरं.

दिवाळीला कनाटात एका मैत्रिणीकडे आम्ही सगळ्या फराळाला जमलो होतो. चकल्या तळून झाल्या. मैत्रिणीने कढई उचलली आणि उरलेलं तेल सरळ सिंकमध्ये! वरून गरम पाण्याचा नळ सोडला.

मी किंचाळले. अक्षरशः! कोणाच्या हातावर तेल उडालं की काय म्हणून सगळ्या धावत आल्या. मी सिंकच्या आडवी उभी. ‘‘अगं, ते खाली जाऊन थिजतं! त्याला वाइप्स चिकटतात! त्याचा गोळा होतो, तो पाईपमध्ये बसतो, आणि मग...’’

माझी दहा वर्षांची लेक, ईरा, सोफ्यावर मैत्रिणींबरोबर बसली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ‘‘आई, प्लीज! नॉट द ग्रीस टॉक! नॉट ऑन दिवाली!’’

मैत्रीण समजूतदार आहे. तिने उरलेलं तेल बरणीत भरलं, झाकण लावलं आणि म्हणाली, ‘‘बरं बाई, नाही टाकत. पण पाकिटावर फ्लशेबल लिहिलेले ते वाइप्स तरी टाकले तर चालतात ना?’’

त्यानंतरची दहा मिनिटं मला आठवत नाहीत. ईराला आठवतात.

*

आता तुम्ही विचाराल, मिल स्ट्रीटचा पाईप असा होता, तर बदलला का नाही?

बदलायचं ठरलं होतं हो! दरवर्षी ठरायचं. आम्ही प्रेझेंटेशन करायचो, कौन्सिलर लोक माना हलवायचे, आणि बजेटच्या वेळी पाईप पुढच्या वर्षावर जायचा. प्रत्येक स्प्रिंगला बर्फ वितळायला लागलं की माझं सुरू व्हायचं. पाऊस पडला की इतर बायकांना वाळत घातलेले कपडे आठवतात, मला मिल स्ट्रीट आठवायची. हवामानाचं ॲप मी इतक्या वेळा उघडायची की सुहासने एकदा विचारलं, ‘‘कोणाशी चॅट करतेस गं?’’

एका वर्षी तर कौन्सिलने पाईप पुढे ढकलला आणि पार्कमध्ये मुलांसाठी स्प्लॅश पॅड मंजूर केला. म्हणजे कारंजी! जमिनीतून पाणी उडणार, मुलं भिजणार, फोटो निघणार.

मीटिंगनंतर एक कौन्सिलर ग्लेनच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘‘वाईट वाटून घेऊ नकोस, ग्लेन. सीवर कोणाला दिसत नाही, हाच प्रॉब्लेम आहे.’’

ग्लेन कोट घालत होता. ‘‘थोडं थांब,’’ तो म्हणाला. ‘‘तुझ्याकडे दोन स्प्लॅश पॅड होतील!’’

*

आणि झाला! पण पार्कमध्ये नाही, गोखलेकाकांच्या बेसमेंटमध्ये.

गोखलेकाका म्हणजे त्या शहरातलं एकमेव जुनं मराठी कुटुंब. डॉक्टर. सत्तरच्या दशकात आले, निम्म्या गावाची मुलं त्यांच्या हातून जन्माला आली. आता रिटायर्ड, मिल स्ट्रीटच्या उताराला त्यांचं घर. मी नवीन होते तेव्हा रोज दुपारी काकूंचा फोन यायचा, ‘‘डबा खाल्लास का?’’

दोन हजार सतराच्या स्प्रिंगमध्ये बर्फ वितळत होतं आणि वरून पाऊस लागला. थांबेचना. दुपारी माझा मोबाईल वाजला. पलीकडे काका. हॅलो नाही, काही नाही.

‘‘वृंदा, तुझं पाणी माझ्या घरात आलंय!’’

मी आणि परमिंदर रबरी बूट घालून पोचलो. काकांच्या बेसमेंटच्या ड्रेनमधून पाणी उलटं वर येत होतं. काळं, वासाचं. घोट्यापर्यंत चढलेलं. पाईप पुढे कुठेतरी तुंबला होता, आणि सगळ्या रस्त्याला बाहेर पडायला ही एकच वाट सापडली होती. त्या बेसमेंटमध्ये काकांचं सगळं होतं. मेडिकलची पुस्तकं, मुलांचे फोटो, ईझी चेअर. आणि कोपऱ्यात खालच्या फळीवर त्यांची हार्मोनियम. पहिल्यांदा विमानात बसले तेव्हा मांडीवर घेऊन आणली होती म्हणे. पाणी तिच्या भात्यापर्यंत गेलं होतं.

काका जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून होते. काकू वरून दारात उभ्या. मला वाटलं, आता काकू रडतील. काकू म्हणाल्या, ‘‘बघ गं. चाळीस वर्षं जे खाली सोडलं, ते आज एकत्र भेटायला आलंय.’’

परमिंदरला मराठी कळत नाही, पण मी हसले म्हणून तोही हसला. काका नाही हसले. आम्ही हार्मोनियम उचलून वर आणली. तिच्यातून पाणी गळत होतं आणि जिन्यावर प्रत्येक पायरीला ती एक बारीक सूर काढत होती. काकांनी तो सूर ऐकला आणि मान खाली घातली.

मग मला विचारलं, ‘‘हा पाईप कधी बदलणार?’’

मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. कुठली वीट कुठे नाही, तेसुद्धा. तरी तोंडातून ऑफिसचं उत्तर गेलं. ‘‘काका, नेक्स्ट इयरच्या प्लॅनमध्ये आहे.’’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पेशंटकडे पाहावं तसं.

‘‘वृंदा,’’ ते म्हणाले, ‘‘मी ऐंशीचा आहे. मला नेक्स्ट इयर सांगू नकोस.’’

*

त्याच महिन्यात कौन्सिलची मीटिंग होती. नागरिकांना बोलायला पाच मिनिटं देतात. नाव पुकारलं, ‘‘मिसेस गोखले!’’ काकू उठल्या. नऊवारी वगैरे नाही हं, साधी पँट, स्वेटर, पांढरे केस नीट बांधलेले. मागे काका, आणि काकांच्या हातात हार्मोनियम!

मी स्टाफच्या रांगेत बसले होते. मला काही सांगितलं नव्हतं त्यांनी. ग्लेन माझ्या कानात म्हणाला, ‘‘ही पेटी कसली?’’ मी म्हटलं, ‘‘आता बघ.’’

काकूंनी ती पेटी माईकसमोरच्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, ‘‘माय हजबंड प्लेड धिस एव्हरी मॉर्निंग. आय विल प्ले नाऊ.’’ आणि भाता मारला.

आत काहीतरी फाटल्यासारखा आवाज आला. मग एक लांब, ओला, घोगरा श्वास. सूर नाहीच. सगळ्या पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या. काकूंनी एकेक पट्टी दाबून पाहिली. दाबलेली वर येईना.  समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या मुलांना काकांनीच पहिलं इंजेक्शन दिलेलं!

‘‘दॅट इज ऑल,’’ काकू म्हणाल्या आणि जाऊन बसल्या. चार मिनिटं शिल्लक होती.

एक कौन्सिलर डोळे पुसत होती.  ठराव तिथल्या तिथे मांडला गेला. विरोधात एकही हात नाही. एकमताने मंजूर! लोक टाळ्या वाजवायला लागले. मी काकूंकडे बघून दोन्ही अंगठे दाखवले.

मग क्लार्कने ठराव वाचून दाखवला. मिल स्ट्रीटच्या पाईपचा नव्याने अभ्यास करण्यात येईल!

*

अभ्यास चालू असतानाच पाईपने निकाल लावला.

ऑक्टोबरची सकाळ. अभ्यासासाठी म्हणून फ्रान्सीनचा कॅमेरा परत खाली गेलेला. त्या पोकळीजवळ पोचली आणि ती ट्रकमधून ओरडली. आम्ही धावलो. स्क्रीनवर पोकळी होती, पण आता तिला छत जवळजवळ राहिलंच नव्हतं. वरून खडे गळत होते. एखाद-दुसरा नाही, सारखे. त्याच्यावर डांबराचा थर, आणि त्या डांबरावर, बरोब्बर त्याच जागी, सिटी बसचा स्टॉप!

मी रस्ता बंद करायला ट्रॅफिकवाल्यांना फोन लावला. पलीकडून विचारतात, परमिट आहे का? मी म्हटलं, परमिट नाही, भोक आहे! ते म्हणाले, सुपरवायझरशी बोलून कळवतो. मी फोनवर हात-पाय आपटतेय, आणि लांब चौकात मला बस वळताना दिसली.

 ग्लेन स्वतःच्या पिकअपमध्ये बसला, ती बेकरीच्या दारातून काढली आणि रस्त्याच्या मधोमध आडवी लावली. किल्ली खिशात टाकली आणि दाराला टेकून उभा राहिला.

बस कचकन थांबली. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. मागे गाड्या, हॉर्न. इथे सहसा कोणी हॉर्न मारत नाही, पण त्या दिवशी मला घरची आठवण आली! एक बाई उतरून सांगायला लागली, तिला डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे. ग्लेन प्रत्येकाला तेवढंच सांगत होता, ‘‘सॉरी. गाडी बंद पडलीय.’’

शेवटी पोलीस आला. तरुण होता. म्हणाला, ‘‘सर, गाडी हलवा, नाहीतर टो करावी लागेल.’’

‘‘कर,’’ ग्लेन म्हणाला. ‘‘पण टो ट्रक इकडूनच आण. पलीकडून नको.’’

‘‘का?’’

ग्लेनने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मागे एक आवाज झाला. मोठा नाही हो. धडाम वगैरे काही नाही. कोणीतरी जड पोतं खाली ठेवावं तसा. आम्ही वळून पाहिलं. बसस्टॉपचा खांब हळूच वाकला, आणि त्याच्या पुढचा रस्ता खाली गेला. एक अख्खी गाडी मावेल एवढा. बाकाखालची फरशी अर्धी अधांतरी. स्टॉपवर कोणी नव्हतं, कारण परमिंदरने तिथल्या माणसांना बेकरीत नेऊन सगळ्यांसाठी कॉफी मागवली होती.

बसचा ड्रायव्हर खाली उतरला. खड्ड्याकडे पाहिलं. मग आपल्या बसकडे, खिडक्यांतल्या डोक्यांकडे. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि कितीतरी वेळ उठलाच नाही.

 फ्रान्सीन ट्रकच्या पायरीवर बसून रडत होती, फ्रेंचमध्ये. त्या पोलिसाने टोपी काढली, परत घातली, आणि ग्लेनला म्हणाला, ‘‘सर, तुमची गाडी... किती वेळ बंद राहील?’’

*

त्यानंतर मात्र सगळं भराभर झालं. पुढच्या उन्हाळ्यात मिल स्ट्रीट उघडली. खोदकाम, पंप, धूळ, मागे येणाऱ्या ट्रकची पीप-पीप. जुन्या विटा वर यायला लागल्या तेव्हा लोक त्या शोभेसाठी बागेत लावायला मागत होते! आम्ही म्हटलं, आधी वास घेऊन बघा.

गोखलेकाका रोज घडीची खुर्ची घेऊन कुंपणाबाहेर येऊन बसायचे. मांडीवर थर्मास. कंत्राटदाराच्या माणसांनी दुसऱ्या आठवड्यात त्यांना एक हेल्मेट दिलं, तेही घालून बसायचे. क्रेनने पाईप खाली सोडला की टाळी वाजवायचे. एकाच्या खांद्याला कळ लागलेली, त्याला तिथल्या तिथे व्यायाम शिकवला. हार्मोनियम दुरुस्त झाली नाही. काकूंनी नवी मागवायची का विचारलं, तर म्हणाले, ‘‘आता सकाळी वेळ कुठाय? साईटवर जायचं असतं.’’

शेवटचा पाईप बसला त्या दिवशी परमिंदर मोठ्या उत्साहाने त्यांच्याकडे गेला. ‘‘अंकलजी, अब सौ साल कोई टेन्शन नहीं! ये पाईप तो टिकेगा!’’

काकांनी थर्मासचं झाकण लावलं. 

‘‘आणि नाही टिकला,’’ ते म्हणाले, ‘‘तर मी फोन कोणाला करू?’’

*

मिल स्ट्रीट संपली म्हणून आमचं संपलं नाही. एक नवा झाला की लक्ष जातं शेजारच्या जुन्याकडे. आता आम्ही गावाच्या वरच्या बाजूला आलो होतो. तिथली लाईन काँक्रीटची, सत्तरच्या दशकातली. म्हणजे तरुणच, पण हल्ली तरुणांनाही सांधेदुखी असते. तिथले मॅनहोल पाडायचे नव्हते, फक्त आतून धुऊन त्यांना नवा जाड लेप द्यायचा होता. लेप देणारे लोक सोमवारी येणार होते, आणि त्याआधीच्या शुक्रवारी फ्रान्सीन कॅमेरा फिरवत होती.

फेब्रुवारी होता. मी ऑफिसात सॅलड खात बसले होते आणि तिचा फोन आला.

‘‘वृन, जरा येतेस? एक विचित्र क्रॅक सापडलीय. कोणत्या कोडात बसवू कळत नाही.’’

आमच्याकडे प्रत्येक दोषाला एक ठरलेला कोड असतो. उभी भेग, आडवी भेग, मूळ, गळती, गंज. कॅमेरा थांबला की कोड टाकायचा आणि पुढे जायचं. इतकी वर्षं हे काम केलेल्या फ्रान्सीनला कोड सापडत नाही, म्हणजे काहीतरी गंभीर असणार. मी बूट चढवले आणि गेले.

ट्रकमध्ये हीटर घुरघुरत होता. काचांना आतून वाफ. फ्रान्सीनने हेडफोन मानेवर घेतलेले. स्क्रीनवर मॅनहोलची भिंत, वरच्या बाजूची, जिथे पाणी कधी पोचत नाही. आमच्या माणसांनी ती सकाळीच धुतली होती. इतक्या वर्षांची काजळी निघून काँक्रीटवरचा गिलावा स्वच्छ दिसत होता.

‘‘हे बघ,’’ ती म्हणाली. ‘‘वर एक सरळ आडवी भेग. तिच्याखाली तिला चिकटून वेड्यावाकड्या. मग खाली अजून एक तशीच. अशा पॅटर्नने काँक्रीट कधी फुटत नाही. आणि किती लांब लिहू?’’

मी पुढे वाकले.

भेग नव्हती ती. गिलावा ओला असताना कोणीतरी खिळ्याने नाहीतर काडीने कोरलेलं होतं. घाईघाईत नाही, सावकाश. शाळेत कित्ता गिरवलेल्या माणसाचं अक्षर. दोन्ही बाजूंना दोन-दोन दंड, आणि त्याच्याखाली एक ओळ.

॥ श्री ॥
थंडी फार आहे.

बस. नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. म्हणजे माझ्या चाळीसेक वर्षं आधी कोणी मराठी माणूस याच सीवरमध्ये कामाला होता.

‘‘वृन?’’ फ्रान्सीन म्हणाली. ‘‘किती सिरियस आहे?’’

‘‘क्रॅक नाहीये ती.’’

‘‘मग काय आहे?’’

‘‘माझी भाषा आहे.’’

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग जॉयस्टिक अगदी हळू फिरवून तिने दिवा त्या अक्षरांवर आणला. ‘‘काय लिहिलंय?’’

‘‘वर देवाचं नाव. काही सुरू करताना आम्ही लिहितो.’’

‘‘आणि खाली?’’

‘‘थंडी फार आहे.’’

फ्रान्सीनने बाहीने काचेवरची वाफ पुसली. बाहेर रस्ता, फूटपाथ, गाड्या, सगळं एकाच पांढऱ्या ढिगाखाली होतं. एक माणूस वाऱ्याकडे पाठ करून बसची वाट बघत उभा होता.

‘‘बरोबर बोलतोय,’’ ती म्हणाली.

 हीटर चालू. खाली दिवा चालू. मग तिने कीबोर्ड पुढे ओढला.

‘‘सॉरी, वृन. पण मला काहीतरी टाकावं लागेल. कोड टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही.’’

‘‘मग लिही,’’ मी म्हटलं, ‘‘दोष नाही.’’